चूक माझी, प्रमुख ना मी!

नाही नाही, तुम्ही बसा, मी उभाच बरा... आता सवयच लागलीय हो, कारण मुलीने आणलेल्या एका पुस्तकात लिहिलंय, गुण चौथा, चांगला प्रमुख आधी आपल्या माणसांना बसवतो! आणि शिवणकामाच्या कारखान्यात, तुम्हाला सांगतो, माणसं बसलेलीच असतात! पंचवीस मशिनी, पंचवीस स्टुलं, मग मी बसवू कोणाला? शेवटी माझी स्वतःची खुर्ची उचलली आणि दिली काजे-बटणवाल्या मावशींना. मावशी म्हणाल्या, "पाठीला बरी आहे रे," झालं, गेली खुर्ची! तीन महिने मी उभा!

पहिल्यापासून सांगतो. एकोणीस वर्षं मी ओव्हरलॉकच्या मशिनीवर. म्हणजे कापडाचे दोरे सुटू नयेत म्हणून कडा शिवायच्या, बस्स, कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. आणि एके दिवशी मालक म्हणतात, "उद्यापासून तू विभागप्रमुख. तीन महिने बघू. जमलं तर कायम, नाही तर तुझं ओव्हरलॉक आहेच." घरी सांगितलं तर बायकोला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की तिने माझा जुना अ‍ॅप्रन टराटरा फाडला आणि फरशी पुसायची फडकी केली! म्हटलं, "अगं, तीन महिने तरी थांबायचंस!" तर म्हणते, "अहो, आता परत कशाला लागतोय?" घ्या! म्हणजे आता जमवायलाच हवं होतं.

आणि मुलगी? तिने वाचनालयातून पुस्तक आणलं, चांगल्या प्रमुखाचे अकरा गुण. "बाबा, रोज एक गुण." म्हटलं, दोन दोन घे, लवकर संपतील! पण ती कसली ऐकतेय? "गुण पहिला. चांगला प्रमुख चूक दुसऱ्यावर ढकलत नाही, पुढे होतो आणि म्हणतो, चूक माझी." आरशासमोर उभं करून वीस वेळा म्हणायला लावलं हो! चूक माझी, चूक माझी... आतून बायकोचा आवाज, "हे ऐकायला मला सतरा वर्षं लागली!"

तर पहिल्याच दिवशी इस्त्रीवाल्याने कॉलर जाळली. धूर, वास, सगळे माझ्याकडे बघतायत, की आता हा आधीच्या प्रमुखासारखा गरजणार, "कोण आहे रे तो गाढव?" मी पुढे झालो, छातीवर हात ठेवला, "चूक माझी!" सगळ्या मशिनी बंद! इस्त्रीवाला घाबरून म्हणतो, "नाही हो साहेब, इस्त्री माझ्याच हातात होती." म्हटलं, "असेल! पण प्रमुख ना मी? चूक माझी!" बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या आठवड्यात पाणीबिणी काही नाही, तुम्हाला सांगतो! पुढच्या आठवड्यात रांग! "साहेब, सुई तुटली, तुमची चूक." "साहेब, माझा डबा घरी राहिला." अरे, तुझ्या डब्याशी माझा काय संबंध? "प्रमुख ना तुम्ही!" आणि कटिंग मास्तर, चष्मा नाकाच्या टोकावर, मान वर न करता, "दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या गेल्यात, तुमच्या नावावर टाकतो हं." मी तोंड उघडतोय तोवर मावशी, माझ्याच खुर्चीतून, "ओरडायचं नाही, गुण सहावा!" आता यांना कोणी सांगितलं? कोणी म्हणजे? आमच्या कन्येने! मला डबा द्यायला यायची ना, तेव्हा अकराच्या अकरा गुण सगळ्यांना वाचून दाखवले होते तिने.

पण एक गंमत झाली बघा. पूर्वी चूक झाली की लपायची, बिघडलेला शर्ट गुपचूप गठ्ठ्याच्या तळाशी. आता लपवायचं कशाला, घ्यायला माणूस आहे की! शाळेच्या गणवेशाचे चारशे शर्ट चालले होते, आणि चाळिसाव्या शर्टाला मावशी उठल्या, चक्क त्या खुर्चीतून उठल्या! "अरे, खिसा उजवीकडे येतोय, शाळेला डावीकडे हवा होता ना?" थांबवल्या मशिनी, उसवले चाळीस, वाचले तीनशे साठ! आधीच्या प्रमुखाच्या काळात हे शर्ट पोरांच्या अंगात गेल्यावर कळलं असतं. मला, खरं सांगतो, त्या दिवशी फार बरं वाटलं.

आणि तेवढ्यात मालक आले. लालबुंद! "नमुन्याचा कागद कोणी मंजूर केला?" मी कागद पुढे केला. खिसा उजवीकडे, आणि खाली झोकदार सही... मालकांची! माझे तीन महिने संपायला दोन दिवस. मनात आलं, आज एकदा, फक्त एकदाच, बोट दाखवावं! आलं होतं हो मनात! पण जीभ? आरशासमोर तयार झालेली जीभ ती! "चूक माझी." मालकांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खाकरले, "हं... पुढच्या वेळी लक्ष ठेव." सही त्यांची आणि लक्ष मी ठेवू!

पण दुसऱ्या दिवशी निरोप, तुला कायम केलंय, ऑफिसातून पत्र घे! टाळ्या काय, शिट्ट्या काय, इस्त्रीवाला तर माझा शर्ट अंगावरच इस्त्री करायला निघाला! धावत गेलो, पत्र उघडलं... "आपणांस ओव्हरलॉक कारागीर या पदावर कायम करण्यात येत आहे." म्हटलं, "अहो कारकूनसाहेब, हे काय? प्रमुख हवं ना इथे!" तो म्हणतो, "अरेच्चा, जुना मजकूर राहिला वाटतं. होईल दुरुस्त, हा अर्ज भरा, दोन-तीन महिने लागतील. तोवर पत्राप्रमाणे बसा. आणि हा रकाना रिकामा ठेवू नका." रकाना कसला? 'चूक कोणाची?' आणि पेन माझ्या हातात देऊन हसला... इतका गोड हसला... कन्या तिथेही वाचून आली होती!

लिहिलं. काय लिहिलं ते विचारू नका.

तर उद्यापासून ओव्हरलॉक. निदान तिथे स्टूल तरी आहे. फक्त आज घरी जाऊन बायकोला म्हणायचंय, अगं, ती फरशीची फडकी जरा धुऊन दे, जोडून घेतो. अ‍ॅप्रन फाडला तिनेच... पण चूक माझी!