बाबांच्या बोर्डाची तार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या पाणीपुरवठा कार्यालयाचे मोठे साहेब. व्यासपीठावरील सर्व अधिकारी आणि कर्मचारी संघटनेचे पदाधिकारी. सभागृहात बसलेले बाबांचे सहकारी. मागे दाराशी उभे असलेले शिपाईकाका. पहिल्या रांगेत बसलेली माझी आई. आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते आजचे सत्कारमूर्ती, माझे बाबा. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

कुटुंबाच्या वतीने मी दोन शब्द बोलावेत, असं ठरलं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे बोलायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघतात. तयारीला बसले आणि पहिल्याच वाक्याशी अडले. ज्या माणसाला वर्षानुवर्षं काम दिलंच नाही, त्याला कामातून निरोप कसा द्यायचा? पुष्कळ विचार केला. मला उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर समारंभ संपल्यावर जरूर सांगा.

मघापासून सगळे बाबांबद्दल फार चांगलं बोलले. वेळेवर येणारे, हसतमुख, कुरकुर न करणारे. एक वक्ते म्हणाले, "दृष्टी नसूनही त्यांनी कधी कुणाला त्रास दिला नाही." ते मनापासून म्हणाले, हे मला कळलं. संघटनेने दिलेलं भिंतीवरचं घड्याळही सुंदर आहे. बाबांनी ते कानाला लावलं आणि माझ्याशी कुजबुजले, "चालू आहे गं! या कार्यालयात चालू स्थितीत मिळालेली ही माझी पहिलीच वस्तू."

हसलात, बरं वाटलं. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

नव्याने रुजू झालेल्यांसाठी थोडं मागचं सांगते. बाबा इथले टेलिफोन ऑपरेटर. जिन्याखालच्या खोलीत त्यांचा बोर्ड होता. मी लहान असताना आई मला डबा घेऊन तिथे पाठवायची. बाबांचा एक हात बटणांवर, एक हात रिसीव्हरवर, आणि मी आल्याचं चपलेच्या आवाजावरून ओळखून ते भुवया उडवायचे. बोलता यायचं नाही, इतके फोन. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि बोर्ड वाजायचा थांबला. पद मात्र राहिलं. ते अंधांसाठी राखीव. रद्द करायचं तर वर उत्तर द्यावं लागतं. त्या वेळच्या साहेबांनी बाबांना बोलावून सांगितलं, "तुम्ही निवांत बसा. पगाराची काळजी करू नका."

निवांत बसा. चार दिवस कुणालाही आवडेल हो. पुढे काय करायचं? सकाळी उठून दाढी करायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा, बसमध्ये धक्के खायचे, आणि एका खोलीत जाऊन संध्याकाळ होण्याची वाट बघायची. तुरुंगात निदान किती वर्षं ते आधी सांगतात.

आणि भिंतीपलीकडे होता तक्रार कक्ष. पाणी आलं नाही, पाइप फुटला, पाण्याला वास येतोय, अशा तक्रारींचा फोन. तो दिवसभर वाजायचा. आपण सगळे इथलेच आहोत, म्हणून उघड बोलते. तो फोन कुणालाच नको होता. पलीकडून लोक शिव्या घालतात, त्या ऐकायच्या कुणी? तिथल्या टेबलाच्या खणात तो फोन ठेवून खण बंद केला जायचा. बाबा घरी येऊन म्हणायचे, "आज पुन्हा खणातून वाजत होता. आवाज बसल्यासारखा येतो बिचाऱ्याचा."

बाबांनी तो फोन मागितला. एकदा नाही, दर नव्या साहेबांकडे. उत्तर मिळालं, "तक्रार कॉम्प्युटरवर नोंदवावी लागते. तुम्हाला दिसणार कसं?" बाबांनी सांगितलं, पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, अंध माणसं त्यावर सगळं काम करतात. त्यावर उत्तर आलं, "पण तुमच्या पदाच्या कामात कॉम्प्युटर येत नाही." म्हणजे पद फोनचं, पण फोन द्यायचा नाही. कारण त्याला कॉम्प्युटर लागतो. आणि कॉम्प्युटर द्यायचा नाही, कारण पद फोनचं! मी राज्यशास्त्र शिकले आहे, पण हे कोडं आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

बाबा खचत चालले होते आणि ते इथल्या लोकांना दिसत होतं. म्हणून शिपाईकाकांनी एक युक्ती काढली. काका, रागवू नका, मी हे प्रेमानेच सांगते आहे. काकांनी बोर्डाची तार खिडकीच्या फटीतून बाहेर काढली आणि साहेबांच्या केबिनबाहेर स्वतःच्या टेबलाखाली एका फोनला जोडली. मग ते अधूनमधून फोन करायचे. "हॅलो ऑपरेटर, जरा स्टोअरला जोडा." बाबा बटण दाबायचे. कुठलंही बटण दाबलं तरी काकांचाच फोन वाजायचा. मग काकाच स्टोअरकीपर व्हायचे, काकाच इंजिनिअर व्हायचे, कधी कधी नाकातून बोलून हिशेबनीस बाईसुद्धा. संपूर्ण कार्यालयाला हे ठाऊक होतं आणि सगळे म्हणायचे, चला, माणूस खूश आहे ना!

एके दिवशी बाबा जेवता जेवता हसायला लागले. आई म्हणाली, "काय झालं?"

"आज स्टोअरकीपरला सर्दी झालीय. इंजिनिअरलाही झालीय. आणि हिशेबनीस बाई तर शिंकून शिंकून बेजार."

"साथ असेल."

"साथ कसली! शिपायाने ओल्या डोक्याने सायकल चालवली असणार."

मी विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत आहे, मग त्यांना सांगत का नाही?"

ते म्हणाले, "सांगितलं तर तो उद्यापासून फोन करणार नाही. मग काय ऐकत बसू, खण?"

एक गोष्ट मात्र बाबांना माहीत नव्हती. काका मधूनमधून गंमत करतात, एवढंच ते समजून होते. बोर्ड पूर्ण मेलेला आहे, त्याची एकमेव तार त्या टेबलाखाली जाते, हे त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.

आता त्या दिवसाबद्दल बोलायला हवं. आजच्या प्रसंगी तो विषय नको, असं मला दोघातिघांनी बजावलं आहे. त्यांचा मान ठेवून मी थोडक्यात सांगते.

काका आजारपणाच्या रजेवर होते. त्यांच्या जागी दुसऱ्या विभागातून एक बदली शिपाई आला होता. त्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं, "टेबलाखालचा फोन वाजला की हो हो म्हणायचं. जिन्याखालच्या आंधळ्याचा असतो." त्या दिवशी पलीकडचा खण कुणीतरी उघडा ठेवून चहाला गेलं होतं. फोन वाजत राहिला. थांबायचा, पुन्हा वाजायचा. बाबा उठले, भिंतीला हात लावत पलीकडे गेले आणि त्यांनी तो उचलला.

एक बाई होत्या. त्यांच्या गल्लीत नळाला काळं, घाण वासाचं पाणी येत होतं. घरोघर उलट्या सुरू झाल्या होत्या. बाबांनी पत्ता विचारला, दोनदा म्हणवून घेतला. ते पाणी तोंडाला लावू नका, म्हणाले. बाईंना थांबायला सांगून ते आपल्या बोर्डाशी परत आले आणि त्यांनी इंजिनिअरचं बटण दाबलं. पलीकडून एक आवाज आला. काकांचा नव्हता. बाबांनी सगळं सांगितलं. आवाज म्हणाला, "हो हो. पाठवतो. माणसं पाठवतो."

बाबा पलीकडे गेले आणि बाईंना म्हणाले, "काळजी करू नका, माणसं निघाली."

त्या संध्याकाळी बाबा घरी आले ते दारातूनच हाका मारत. आईला म्हणाले, "अगं, आज खरा फोन घेतला. आणि खऱ्या इंजिनिअरला दिला." मी विचारलं, "खरा कशावरून?" म्हणाले, "आवाज नवा होता ना!" त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

काही दिवसांनी त्या बाई कार्यालयात आल्या. जिन्याखालच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. मी नेमकी बाबांना न्यायला आले होते, म्हणून हे सांगू शकते. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आवाज ओळखला मी. तुम्हीच ना? तुम्ही म्हणालात माणसं निघाली. आमची गल्ली कार्यालयावर यायला निघाली होती. मीच सगळ्यांना थांबवलं. म्हटलं, साहेब चांगले बोलले, येतायत." मग म्हणाल्या, "माझी धाकटी गेली."

बाबा म्हणाले, "हो. मीच तो." एवढंच. साहेब नाही, ऑपरेटर आहे, हेसुद्धा म्हणाले नाहीत.

त्या गेल्यावर बाबांनी काकांना बोलावून घेतलं आणि विचारलं, "तार कुठे जाते?" काकांनी सांगितलं. काका तिथेच, जमिनीवर बसले होते.

चौकशी झाली. अध्यक्ष महोदय, ती आपण स्वतः केलीत, आणि बाबांना कडक शिक्षा होऊ दिली नाहीत. त्याबद्दल आमचं घर आपलं ऋणी आहे, हे मी औपचारिकपणे म्हणत नाही. पण निष्कर्ष काय निघाला? कर्मचाऱ्याच्या अंधत्वामुळे निरोप पोचण्यात चूक झाली. साहेब, बाबांनी निरोप पूर्ण घेतला होता. पत्ता बरोबर होता. निरोप टेबलाखाली जाऊन पडला आणि ते टेबल डोळस माणसांनी भरलेल्या मजल्यावर होतं. यात अंधत्व कुठे आलं? खणातला फोन उचलला गेला नाही, त्याबद्दल कुणाच्या डोळ्यांना दोष दिला का?

बाबांनी तो निष्कर्ष मान्य केला. मला म्हणाले, "त्या बाईला कुणाचं तरी तोंड दिसायला हवं ना. माझं दिसू दे."

त्यांच्यापुरतं ते संपलं असतं. पण महिन्यापूर्वी या पदासाठी मुलाखती झाल्या. मी बाबांना न्यायला आले तेव्हा बाहेरच्या बाकावर एक मुलगी बसली होती, माझ्याच वयाची. पदवीधर, पूर्ण अंध, मांडीवर स्वतःचा लॅपटॉप. आम्ही बोलायला लागलो.

"कशी झाली मुलाखत?"

"विचारलं, जिना कसा चढणार? मी म्हटलं, मुलाखत वरच्या मजल्यावर आहे साहेब, मी काय उडत आले?"

आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, "मी सांगितलं, तुमचा तक्रारींचा फोन मला आत्ता द्या, मी घेऊन दाखवते, नोंदवून दाखवते. ते म्हणाले, नको. मागे एका अंध ऑपरेटरमुळे एक मूल गेलंय. आता या जागेवर डोळस व्यक्तीच घ्यायची म्हणतायत."

मी म्हटलं, "ते माझे बाबा."

मी तिला सगळं सांगितलं, तारेसकट. ऐकून घेऊन ती म्हणाली, "हे तुम्ही कुठेतरी जाऊन सांगाल का? मी सांगून उपयोग नाही. मी म्हटलं तर ते म्हणतील, तुला काय दिसलं?"

मी तेव्हा हो म्हटलं नाही. कारण त्याच आठवड्यात बाबा साहेबांना भेटले होते. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी कुणापुढे दुसरं फारसं काही मागितलं नाही, फक्त तो फोन मागितला. या वेळी त्यांनी माझ्यासाठी नोकरी मागितली. साहेबांनी मोठ्या मनाने ती मंजूर केली. जागा तीच. बाबा घरी येऊन म्हणाले, "तुझ्या पदवीचं चीज झालं." आई दिवसभर गल्लीचे कपडे इस्त्री करते, तिच्या मनगटांना आता सूज येते. तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि नुसती बसून राहिली, आनंदाने. मला नोकरी नको आहे का? हवी आहे. फार हवी आहे.

पण मी त्या खुर्चीत बसले की ते वाक्य कायमचं खरं होतं. मग पुढच्या प्रत्येक अंध उमेदवाराला हे कार्यालय सांगणार, मागे एक मूल गेलंय. आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणणार, बघा, त्यांच्या मुलीलाही पटलं.

आता आटोपतं घेते. समारंभ देखणा आणि आपुलकीचा झाला. संघटनेने मेहनत घेतली, अध्यक्षांनी वेळ काढला, आणि आपण सर्वांनी एका मुलीचं लांबलेलं बोलणं मध्येच न उठता ऐकलं, त्याबद्दल आमच्या कुटुंबाकडून मनापासून आभार. वयाने आणि अनुभवाने मी इथे सर्वांत लहान आहे. आनंदाच्या प्रसंगी दुःखाचं बोलले, शब्दांत कुठे धार जास्त झाली असेल, तर आपल्याच घरातली मुलगी म्हणून सांभाळून घ्या.

अध्यक्ष महोदय, मघाशी आपण टाळ्यांच्या गजरात जाहीर केलंत की येत्या सोमवारपासून मी बाबांच्या जागी रुजू होईन. आपण काल दौऱ्यावर होतात, म्हणून आपल्याला निरोप मिळाला नसेल. बाबा, तुम्हालाही हे आत्ताच कळतंय. आईला मी रात्रीच सांगितलं. तरीही ती आज इथे आली.

काल सकाळी मी या कार्यालयात येऊन नोकरीला लेखी नकार देऊन गेले. तिथून त्या मुलीला बरोबर घेऊन अपंगांच्या तक्रारी ऐकणाऱ्या आयुक्तांकडे गेले. काका, तुमचं नाव मी घेतलं नाही. पण तार कुठे जात होती, ते सांगून, खाली माझी सही करून आले आहे.