टाकीतली जागा

आता तुम्ही हसाल, पण तेव्हा माझी पार तंतरली होती. आणीबाणीत मी सेनगावला जनावरांचा डॉक्टर होतो. वळूचं बी गोठवून ठेवायची टाकी दवाखान्यात नवीनच आली होती.

एक दिवस गावातला शेतकरी किसन धापा टाकत आला. "सायेब, नसबंदीची जीप जवळा बाजार गावात माणसं धरून राहिली. मला एकच लेकरू, तेबी सदा आजारी. वळूसारखं माझं बी ठेवता का ह्या टाकीत?"

मला हसू आवरेना. "अरे, काहून एवढा भिऊन राहिला?"

"हसा! आधी सरकारी नोकर उचलून राहिलेत म्हणं. तुमचं तर लगीनबी व्हायचंय."

किसन गेला. मी दाराला आतून कडी घातली आणि टाकीत किती जागा उरलीय ते पाहिलं.