फळीवरचा नारळ

वनमाला : दोन हजार सतरा साल होतं ते. ज्येष्ठ नुकताच लागला होता. तुझं तेव्हा लग्नसुद्धा झालं नव्हतं श्वेता, तुला कोण सांगणार? तुझा सासरा?

श्वेता : पप्पा एवढंच म्हणतात, की वनमालाकाकू रूम सोडून गेल्या आणि जाताना फळीवर नारळ ठेवून गेल्या.

वनमाला : सोडून गेल्या! ऐकलंस शांता? मी सोडून गेले.

शांताबाई : ऐकतेय ना. कान काय भाड्याने दिलेत?

श्वेता : काकू, मी भांडायला नाही आले. खरंच. मुलुंडहून दिंडोशीपर्यंत एकटी आलेय, घरी कुणाला न सांगता.

वनमाला : मग बस नीट. टेकून बस. आलीच आहेस तर सगळं ऐकून जा. चौदा वर्षं आम्ही तुमच्या त्या रूममध्ये राहिलो, मी आणि हे. धोंडिराम. हे गेले, त्याला वर्ष झालं म्हणून वर्षश्राद्धाला मी गावी गेले, कुडाळच्या पुढे. परत आले तर माझी किल्ली कुलपात फिरेना. वाटलं, पावसाळी हवा आहे, गंज धरला असेल. म्हणून खाली तुझ्या सासऱ्याकडे गेले आणि म्हटलं, चंद्रप्रकाश, जरा तेल दे रे वाटीत.

श्वेता : मग?

वनमाला : दिलं.

श्वेता : तेल दिलं?

वनमाला : खोबरेल. वाटी भरून. हसून वर म्हणाला, सावकाश वहिनी, जिना ओला आहे. आणि मी वर जाऊन त्या कुलपात तेल सोडत बसले. किल्ली घालते, काढते, पुसते, परत घालते. साडीला सगळं तेल. शेवटी बाजूच्या खोलीतल्या मृणालिनीला राहवलं नाही. ती म्हणाली, मावशी, कुलूप नवीन आहे हो, परवाच बदललं त्यांनी.

शांताबाई : त्यानं तसंच दिसणारं आणलं होतं शोधून. लई हुशार माणूस.

श्वेता : पण पप्पांनी असं का केलं?

वनमाला : दुसरा भाडेकरू मिळाला होता, जास्त देणारा. मी विचारलं, माझं सामान? तर म्हणे, आधी लिहून द्या की खुशीने जागा सोडली, मग सामान. मी म्हटलं, मेले तरी देणार नाही. चौकीवर गेले तर म्हणाले, आजी, कोर्टात जा. पिशवीत होत्या तेवढ्या दोन साड्यांवर मी पावसाळा काढला, इथे, शांताच्या घरात.

शांताबाई : तिसरी माझी होती. अजून दिली नाही परत.

वनमाला : फाटली ती.

शांताबाई : फाटली म्हणे! नेसतेस की दिवाळीला.

श्वेता : मग सामान मिळालं कसं?

शांताबाई : मी मिळवलं. आम्ही दोघी मरोळला एकाच कंपनीत पॅकिंगला होतो. तिथल्या सगळ्या म्हाताऱ्या गोळा केल्या. रोज संध्याकाळी तुझ्या सासऱ्याच्या जिन्यात जाऊन बसायचो. भांडण नाही, काही नाही. डबे उघडायचे, सुकटीची चटणी खायची, मोठमोठ्यानं हसायचं. नव्या भाडेकरूनं दोन वेळा येऊन बघितलं आन् तो पळाला. गणपती उठल्यावर तुझ्या सासऱ्यानं गुपचूप दार उघडलं.

वनमाला : दार उघडलं आणि मी आधी पखवाज बघितला. यांचा. भजनात वाजवायचे. पलंगावर ठेवून गेले होते मी, चादरीत गुंडाळून. कुणीतरी पलंग सरकवून पखवाज उघड्या खिडकीखाली टाकला होता. पूर्ण पावसाळा. चामड्याची पुडी अशी सुटून लोंबत होती, बुरशी धरलेली, कुत्र्याच्या जिभेसारखी.

श्वेता : काकू, पखवाज आम्ही दुरुस्त करून देतो. नवी पुडी बसवून. अनय म्हणतोच आहे, जे काही लागेल ते...

वनमाला : अनय म्हणजे तुझा नवरा. लहान होता तेव्हा यांच्या मांडीवर बसून थापा मारायचा त्या पखवाजावर. त्याला विचार, डाव्या पुडीवर यांच्या तळव्याची जागा पडली होती, आठवते का. नव्या पुडीवर ती कोण पाडणार? तू?

श्वेता : नाही. पण त्या नारळाचं काय, काकू?

वनमाला : त्या दिवशी मी सगळं उचललं. खिळ्यावरचं कॅलेंडर उचललं, मोरीतला दगड उचलला. फळीवर एक नारळ होता, तेवढा ठेवला. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि तुझ्या सासऱ्याला म्हटलं, हा माझ्या घराचा राखणदार. मी जातेय, हा राहील. याला हात लावायचा नाही.

श्वेता : आणि त्यांनी आजपर्यंत लावला नाही! त्या रूममध्ये भाडेकरू टिकत नाही, कारण पप्पाच रोज संध्याकाळी जाऊन दारातून बघून येतात, नारळ आहे ना जागेवर. त्यांचा गुडघा गेला, नारळ. टाकी फुटली, नारळ. मला दोनदा दिवस राहिले आणि... तेही नारळ. काकू, आता बिल्डिंग पाडायची आहे. सगळ्यांनी रूम रिकाम्या करून दिल्या. आमचीच राहिलीये. बिल्डर म्हणतो, शेवटची किल्ली मिळाल्याशिवाय काम सुरू होणार नाही. सोसायटी आमच्या नावाने बोटं मोडतेय. मी म्हटलं, मी उचलते, तर पप्पांनी हात धरला माझा.

शांताबाई : एवढंच ना? मी येते की. आमच्या घरात ना देवारा ना नारळ. उचलते आन् देते फेकून. मला काय होतंय?

श्वेता : खरंच याल?

वनमाला : शांता, तू चहा टाक.

शांताबाई : आत्ताच तर प्यालो.

वनमाला : परत टाक. आणि श्वेता, तुझ्या पोटातलं दोनदा गेलं, त्याला माझा नारळ जबाबदार नाही. हे मी तुला इथे, तोंडावर सांगते. त्यासाठी डॉक्टरकडे जा. तुझ्याशी माझं वाकडं नाही.

श्वेता : मग याल ना?

वनमाला : येईन. रविवारी सकाळी. पण आमच्याकडे राखणदार असा उठत नाही, गाऱ्हाणं घालावं लागतं. मी एकेक वाक्य बोलणार आणि तुझ्या सासऱ्याने प्रत्येक वाक्यानंतर 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्याने. अनयने नाही, तू नाही. आणि बिल्डिंगमधली झाडून सगळी माणसं समोर हवीत, जिथे कुठे भाड्याने गेली असतील तिथून बोलाव. मृणालिनीला आधी.

श्वेता : एवढंच?

वनमाला : तो कुडाळचाच आहे. त्याला विचार, एवढंच का ते.

(रविवार. मुलुंडची रिकामी बिल्डिंग. वरच्या मजल्याच्या जिन्यात आणि गॅलरीत जुने रहिवासी दाटीने उभे. उघड्या दारासमोर वनमालाबाई. शेजारी काठीवर भार टाकून चंद्रप्रकाश.)

चंद्रप्रकाश : वयनी, एवढ्या लोकांची काय गरज होती? आपण दोघांनीच...

वनमाला : हात जोड, चंद्रप्रकाश. बा देवा म्हाराजा! हय जमलेल्या सगळ्यांच्या साक्षीन गाऱ्हाणा घालतंय, तां कान देवन आयक.

चंद्रप्रकाश : व्हय म्हाराजा.

वनमाला : माझ्या घोवाक, धोंडिरामाक, जावन वरीस झाला म्हणान मी गावाक गेल्लंय. तेवढ्यात ह्या चंद्रप्रकाशान माझ्या घराचा कुलूप बदलल्यान.

चंद्रप्रकाश : ...व्हय म्हाराजा.

वनमाला : मोठ्यान. जिन्यातल्या माणसांक आयकाक येवक नाय.

चंद्रप्रकाश : व्हय म्हाराजा!

वनमाला : मी तेच्याकडे तेल मागूक गेलंय. कुलूप बदललेला तेका ठावक होता. तरी तेणा माका तेल दिल्यान.

चंद्रप्रकाश : वयनी...

वनमाला : दिल्यान का नाय?

चंद्रप्रकाश : व्हय म्हाराजा.

श्वेता : पप्पा, बसता का? खुर्ची आणू?

वनमाला : गाऱ्हाण्यात बसत नाहीत गं. चल पुढे. मी कुलपात तेल घालीत बसलंय आणि हो चंद्रप्रकाश खाली घरात चाय पीत हसत बसलो.

चंद्रप्रकाश : हसाक नाय! देवाशप्पथ, हसाक नाय, वयनी. माका काय बोलाचा ताच सुचाक नाय. तुमी तेल मागितल्यात, मी दिलंय. मग लाज वाटाक लागली आणि... मग उशीर झालो.

वनमाला : हसाक नाय?

चंद्रप्रकाश : नाय.

वनमाला : बरा. देवा म्हाराजा, हसलो नाय. गप बसलो.

चंद्रप्रकाश : व्हय म्हाराजा.

वनमाला : माझी भांडी, माझे कपडे, माझो चुलो, सगळा अडकवन ठेवल्यान. खुशीन गेलंय म्हणान लिहून दी, म्हणालो.

चंद्रप्रकाश : व्हय म्हाराजा.

वनमाला : आणि माझ्या घोवाचो पखवाज पावसात कुजवल्यान. तो घोव, ज्येणा ह्याच्या आवशीच्या, म्हातारीच्या, तेराव्याक रातभर भजन केल्यान, आणि ह्याच्या घरचो चायसुद्धा घेवक नाय, तुमी दुःखात आसात म्हणान.

शांताबाई : अगं वनमाला, पुरे. रडतोय तो.

वनमाला : रडांदे. म्हण, चंद्रप्रकाश.

चंद्रप्रकाश : व्हय म्हाराजा. व्हय. कुजवलंय मी.

वनमाला : माझा गाऱ्हाणा संपला. सरक, नारळ घेते.

चंद्रप्रकाश : संपला? वयनी, शेवटचा रवला.

वनमाला : काय रवला?

चंद्रप्रकाश : ता... 'काय चुकला माकला आसात ता पोटात घाल आणि लेकरांची राखण कर.' ता म्हटल्याशिवाय गाऱ्हाणा पुरा होयत नाय. तुमका ठावक आसा.

वनमाला : ठावक आसा.

चंद्रप्रकाश : मग म्हणा ना.

वनमाला : लेकरांची राखण कर, देवा म्हाराजा. अनयची आणि ह्या श्वेताची. तेंका कसलीच झळ लागू देव नको.

श्वेता : व्हय म्हाराजा.

चंद्रप्रकाश : आणि पयला? पोटात घालूचा?

वनमाला : शांता, पिशवी उघड. जपून, खुळखुळतोय हा.

*

शांताबाई : दीड वर्ष होत आलं गं त्या रविवाराला. आज श्वेताचा फोन आला होता, तू बाजारात गेलेलीस तेव्हा.

वनमाला : काय म्हणाली? बाळ बरं आहे ना?

शांताबाई : गुटगुटीत. मुलीचं जाऊळ काढायचंय म्हणे, तू यायला पाहिजेस. आन् बिल्डिंगचे सहा मजले झाले. तवर ते सगळे भांडुपला भाड्यानं आहेत.

वनमाला : तोही?

शांताबाई : मग कुठं जाईल? श्वेता म्हणाली, घरातून हलत नाही. लग्नाला नाही, गावाला नाही. सगळी बाहेर गेली तरी हा दाराला खुर्ची लावून बसतो. म्हणतो, भाड्याचं घर आहे, मागं कुणी असायला पाहिजे.

वनमाला : शिकला म्हणायचा.

शांताबाई : आन् तिला विचारत असतो, वनमालावयनी काय बोलली का. तू ते वाक्य कधी म्हणशील, त्याची वाट बघतोय म्हातारा.

वनमाला : बघू दे.

शांताबाई : मीही एक विचारणार होते कवापासून. त्या नारळाचं तू केलंस काय? मढला नेऊन समुद्रात सोडणार होतीस ना?

वनमाला : फोडला.

शांताबाई : राखणदार फोडला?

वनमाला : कसला राखणदार! आमचा राखणदार गावच्या वेशीवर आहे, पिंपळाखाली. तो मुलुंडला कशाला येईल? गावी जायच्या आदल्या दिवशी मंडईतून आणलेला नारळ तो. वर्षभर घरात मासळी शिजली नव्हती. म्हटलं, वर्षश्राद्ध करून येऊ, आल्या दिवशी बांगड्याची आमटी करू. आल्यावर दमलेली असेन, परत उतरायला नको म्हणून नारळ आणून फळीवर ठेवून गेले.

शांताबाई : अगं माझ्या बाई! आन् मी पिशवीत धरून आणला जपून, हात जोडून! मी!

वनमाला : तू हात जोडलेले बघून मला हसू येत होतं. पण तिथे हसता येईना.

शांताबाई : आतलं चांगलं निघालं का?

वनमाला : कुठलं? काळं पडलं होतं, तेलकट. सात वर्षं झाली होती.

शांताबाई : मग त्या दिवशी आमटी?

वनमाला : नाही केली. तू आग्रह केलास ना, तुझी वांग्याची भाजी खाल्ली. बरं, ऐक. उद्या पहाटेच्या गाडीने मी गावी जातेय, यांचं श्राद्ध आहे. पखवाजाचं खोड भिंतीला टांगलंय, त्यावर सकाळचं ऊन पडू दे, पडदा ओढू नको. किल्ली तुझ्याकडे राहू दे, मला नको.

शांताबाई : आन् दुसरं काही?

वनमाला : फळीवर नारळ ठेवलाय. त्याला हात लावू नको. आल्यावर लागेल.