दोन्हीकडे फिरणारं कडं

नाही, नाही, तुम्ही म्हणताय तसं 'मूळचं काही बदलू नका, फक्त साफ करून द्या' — ते मी नाही करणार. थांबा, रागावू नका. बसा ना, ते स्टूल घ्या. घड्याळ अस्सलच आहे हो, शंभर टक्के. झाकण न उघडता सांगतो. ही चावी बघा, उघडी आहे — पहिल्या मॉडेलची खूण. पुढच्या मॉडेलला कंपनीनं चावीच्या दोन्ही बाजूंना आधाराला खांदे दिले. का? कुठं आपटली की दांडी वाकायची आणि पाणी आत. काच ही अशी प्लॅस्टिकची, फुगीर — नंतर नीलमण्याची आली, चरा म्हणून पडत नाही. तारीख आली, अंधारात चमकणारा रंग बदलला, कड्यावरचा काळा रंग उन्हानं विटायचा म्हणून सिरॅमिक आलं. लोकांना वाटतं फॅशन. आज पार्ट्यांमध्ये मिरवतात, पण मुळात हे पाण्याखाली काम करणाऱ्यांचं हत्यार. आणि सगळ्यात मोठा बदल कुठला, सांगू? हे बाहेरचं कडं. फिरवा. उजवीकडे फिरलं? आता डावीकडे — तिकडेही फिरलं. नव्यात फक्त डावीकडे फिरतं. कारण काय, तर बुडी मारताना कड्यावरचा हा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, मग खाली किती वेळ झाला ते कळतं. धक्का लागून कडं पुढं सरकलं, तर झालेला वेळ कमी दिसतो, माणूस खालीच राहतो. मागं सरकलं तर जास्त दिसतो, माणूस लवकर वर येतो — एवढंच ना? म्हणून एक दिशाच बंद करून टाकली.

तुम्ही हे घालून पाण्यात उतरता? सुट्टीत? — हं.

माझे भाऊजी पाणबुडे होते. थोरल्या ताईचे यजमान. जहाजांच्या तळाला शिंपले चिकटतात ना, ते खरवडायचं काम. त्यांच्याकडे हेच मॉडेल होतं, एका म्हाताऱ्या कप्तानानं खूश होऊन दिलेलं. एकदा आले, इथंच, तुम्ही बसलाय तिथं बसले — 'अरे, हे कडं फार ढिलं झालंय, नवीन पद्धतीचं बसव ना, एकाच बाजूला फिरणारं.' बसवता आलं असतं का? आलं असतं. केसला आतून जरा खाच पाडावी लागली असती, बास, दोन तासांचं काम. पण मी म्हटलं, 'भाऊजी, वेड लागलंय का? असा अस्सल पीस आता मिळत नाही, खाच पाडून वाटोळं करायचं का त्याचं?' हसले. म्हणाले, 'बाबा, तुझं तू बघ, त्यातलं तुला कळतं.' खरं सांगू — माझा डोळा होता त्या घड्याळावर. निवृत्त झाले की मलाच देतील, असं कुठंतरी मनात — जाऊ दे. खालची स्प्रिंग झिजलेली होती, तिची जोड कुठं मिळेना. मी काय केलं? जाड ग्रीस भरलं. ग्रीस भरलं की कडं हाताला घट्ट लागतं — आठवडाभर. आणि म्हटलं, 'झालं काम.'

अकराव्या दिवशी ते खालून उशिरा वर आले, आणि आले ते भरभर. कमी वेळ राहिलोय असं समजून. रक्तात बुडबुडे होतात म्हणे अशानं. दवाखान्यात ताई बाहेर बाकावर बसलेली, नर्सनं पिशवीतून घड्याळ माझ्या हातात दिलं. बोटीवरच्या माणसानं सांगितलं होतं, वहीत लिहिलेलं — दहा वाजून दहा मिनिटांनी पाण्यात. म्हणजे त्रिकोण हवा दहाव्या मिनिटाच्या रेघेवर, आणि होता बावीसच्या. बारा मिनिटं पुढं. मी — सवयीनं हो, आम्हाला सवयच असते हातात आलं की — नाही. सवयीनं नाही. ताई बघत नाहीये हे बघून मी कडं फिरवलं आणि त्रिकोण वर बारावर आणला, कुणाला काही कळू नये म्हणून.

नंतर चौकशीला माणसं आली. भाऊजी पडल्या पडल्याच म्हणाले, 'घड्याळ बरोबर असणार, मेहुण्यानं नुकतंच करून दिलंय. बघण्यात माझीच चूक झाली.' तसंच लिहून घेतलं त्यांनी. ताई अजून रागावली की म्हणते, 'एवढा अनुभवी माणूस, साधी वेळ बघता आली नाही!' आणि ते मान खाली घालतात. नऊ वर्षं झाली. मी समोर असतो, भाजी वाढून घेतो, पाणी पितो.

पाय? नाही, चालता येत नाही. त्या खिडकीजवळच्या टेबलापाशी बसतात ना, ते तेच, आज अजून यायचेत. घड्याळांचे पट्टे शिवतात. हात बघा त्यांचे कधी, काय सफाई आहे! मीच आणलं त्यांना इथं कामाला. सगळे म्हणतात, मेहुणा असावा तर असा. तुम्ही पण असं बघू नका हो माझ्याकडे. मी तुम्हाला एवढंच सांगत होतो की कडं बदलून घ्या, खाच पडली तर पडू दे — हे बाकीचं कशाला निघालं तोंडातून — कुणाला नाही सांगितलं आजवर, बायकोलाही —

श्श. चाकांचा आवाज.

या, या भाऊजी! लवकर आलात? — काही नाही हो, मॉडेल कसं कसं बदलत गेलं ते सांगत होतो यांना. — हो, तुमच्या घड्याळासारखंच आहे, जुनं. — नाही, नाही, राहू द्या, हातात कशाला घेताय, ते निघालेत. निघताय ना तुम्ही? हे घ्या तुमचं घड्याळ. या आता.