आवाजासकट

पासपोर्टच्या फोटोसाठी मी स्टुडिओत थांबलो होतो. माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी. स्टुडिओवाला त्यांच्या पेन ड्राइव्हमधला व्हिडिओ लावून बघत होता.

“टीव्हीवर ही नुसती ओठ हलवते. आवाजच नाही.”

“आजोबा, आवाज फाईलमध्ये आहे. तुमच्या टीव्हीला तो प्रकार वाचता येत नाही, एवढंच. आवाज तेवढा नव्याने कन्व्हर्ट करतो.”

“बघ! मी म्हणत होतो ना?”

“बाबा, राहू द्या. आई दिसतेय, तेवढं पुरे.”

“पुरे काय? हॉस्पिटलात शेवटचं काय बोलली, ते मला ऐकायचंय.”

“सांगितलं होतं ना मी. तुमची आठवण काढत होती.”

“ते तू सांगितलंस. मला तिच्या तोंडून हवंय.”

“झालं, आजोबा. लावून बघू?”

“दादा, इथे नका लावू, प्लीज.”

“लावा हो तुम्ही.”

स्पीकर खरखरला. थकलेला, बाईचा आवाज आला.

“आले का गं हे? नाही ना? नको आता बोलावूस. इतके निरोप धाडले. मी मेल्यावरच येणार असतील, तर येऊ देत तेव्हा.”

स्टुडिओवाल्याने घाईघाईने बंद केलं.

“बाबा, म्हणून मी तुम्हाला...”

“कळलं.”

“आजोबा, आवाज काढून टाकू का? नुसतं चित्र ठेवतो.”

“नको. आवाजासकट द्या. आणि जरा मोठा करून द्या. मला कमी ऐकू येतं.”