शेवटचे दिवस! सढळ हाताने

…आणि वर मलाच म्हणे, चेहरा गंभीर ठेव! अहो, ठेवू कुठे? मला एकच चेहरा आहे, तोही जन्मापासून असाच, आई म्हणते पाळण्यातसुद्धा तू कुणाची तरी खोडी काढून आल्यासारखाच दिसायचास, आता त्याला मी काय करू? पण हेडसरांचा हुकूम! "मदत मागायला उभे राहणार आहात, दात काढायला नाही. चेहरा! गंभीर! ठेव!" दर शब्दाला टेबलावर एक थाप. टेबलाने काय घोडं मारलं होतं?

तर झालं काय, आमच्या शाळेने ठरवलं की बाजारामागच्या हॉस्पिससाठी पैसे गोळा करायचे. हॉस्पिस म्हणजे हॉस्पिटल नव्हे हां! मीपण आधी तेच म्हणालो, तर तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "हॉस्पिटलात बरं करतात, राजा. इथे बरं वाटेल तेवढं बघतात." म्हणजे काय ते कळलं ना? मला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर मी बाटलीभर पाणी प्यालो.

आणि तिथे दाराजवळच्या खाटेवर कोण? आमचे शिंपी आजोबा! अख्ख्या शाळेचे गणवेश यांनी शिवलेले. माझी पँट नेहमी चार बोटं लांब, "वाढत्या अंगाची आहे रे," म्हणायचे, आणि मी वाढायच्या आत ती फाटायची. आता नुसती हाडं राहिलीत, पण जीभ? कात्री आहे कात्री! मला म्हणाले, "ए दिवट्या, जन्मभर दुकानात ट्यूबलाइटखाली मान मोडून बसलो. आता एकदा पोटभर ऊन खायचंय. ने की मला बाहेर."

मी म्हटलं त्यात काय, खाटेला चाकं आहेतच, दिली ढकलून! दारापर्यंत गेलो आणि थांबलो. पुढे पायऱ्या! खाटेला चाकं, दाराला पायऱ्या… ज्याने बांधलं त्याने डोकं कुठे गहाण ठेवलं होतं? सिस्टर म्हणाल्या, "उचलून नेलं तर दुखतं त्यांना. उतार बांधायला हवा, पण पैसे कुठायत?"

झालं! माझ्या डोक्यात तो उतार बसला तो बसलाच.

आता कापडी बोर्ड लिहायचं काम माझ्याकडे कसं आलं? शिक्षा म्हणून! कुणीतरी खडूच्या डब्यात साबणाच्या वड्या घातल्या होत्या, गणिताच्या बाई अर्धा तास फळ्यावर घासतायत, उत्तर काही दिसत नाही. माझं नाव का आलं हा वेगळा विषय आहे, त्यात आपण नको शिरायला. तर हेडसरांनी वाक्य दिलं, "आयुष्याच्या शेवटच्या दिवसांत रुग्णांना सुख मिळावे म्हणून सढळ हाताने मदत करा." एवढं लांब! कापड केवढं? टॉवेलएवढं! मी म्हटलं, मुद्द्याचं तेवढं घेऊ. रंग उरलेला फक्त लाल. अक्षरं मी मोठी काढली, लांबून दिसायला नकोत? आणि "सढळ हाताने"पाशी कापड संपलं. संपलं ते संपलं! कापड काय मी विणलं होतं? मधलं उद्गारचिन्ह मात्र माझ्या पदरचं.

भर बाजारात आम्ही टेबल मांडलं, मागे लालभडक बोर्ड, "शेवटचे दिवस! सढळ हाताने". बाकीची पोरं डबा धरून अशी उभी, जणू प्रत्येकाच्या पोटात मुरडा आलाय. आणि मी? चेहरा गंभीर ठेव, चेहरा गंभीर ठेव, मनात जप चाललाय नुसता… आणि तुम्हाला सांगतो, लोकांची ही झुंबड! अहो, धावत येतायत! एक मावशी तर मोकळी पिशवी झटकत, सगळ्यांना कोपरं मारत पुढे, "चादरी कुठायत? डबल बेडच्या आहेत का?"

मी म्हटलं, "मावशी, बेड आहेत, पण त्यांच्यावर माणसं आहेत."

"म्हणजे? सेल नाही?"

मागून एक आवाज, "फरशी काय भावाने काढलीय?" बघतो तर कोण, माझाच मामा! गवंडी आहे तो, काम टाकून आलेला, हाताला सिमेंट तसंच. म्हटलं, "मामा, फरशी नाही, पण उतार पाहिजे."

आणि मग मी सगळं सांगितलं. शिंपी आजोबा, खाट, पायऱ्या, ऊन. हसत सांगितलं! मला तसंच येतं. आजोबांनी मला दिवट्या कसं म्हटलं त्याची नक्कल केली, तर मावशी हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "अरे, माझ्या लग्नातलं पोलकं त्यांनीच शिवलं होतं रे!" आणि पिशवीतून पाकीट काढलं. बाकीचे जातात कुठे? मरणाच्या दारातल्या माणसांसाठी मांडलेल्या टेबलापाशी "किती टक्के सूट?" विचारून बसल्यावर माणूस डब्यात काही न टाकता घरी जाईल? तोंड आहे का?

डबा भरला, आणि तेवढ्यात हेडसर आले. आधी बोर्ड पाहिला. मग मला पाहिलं. "हे… हे काय लिहिलंयस? उतरव आधी! आणि तू हसतोयस?"

"नाही उतरवणार," मी म्हटलं. हो, म्हटलं! मध्ये टेबल होतं म्हणून.

सर जमलेल्या लोकांकडे वळले, आवाज एकदम मधात बुडवलेला, "आपला निधी वार्षिक समारंभात, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते, भव्य चेकच्या स्वरूपात…" थर्माकोलचा चेक हो! दारापेक्षा मोठा! तोच आडवा टाकला तर खाट उतरेल त्यावरून!

मी विचारलं, "सर, समारंभ कधी?"

"परीक्षा झाल्यावर."

"आणि शिंपी आजोबा? ते कधी?"

"हा काय प्रश्न झाला?" सर ओरडले. आणि डबा काखेत मारला.

मग मावशीच पुढे झाल्या, पिशवी कमरेला लावून. "अहो सर, वाचता येतं ना? शेवटचे दिवस लिहिलंय! दुकानदारसुद्धा शेवटच्या दिवसांत माल हातात देतो, पुढच्या वर्षी या म्हणत नाही!"

सरांनी डबा सोडला. आणि चेहरा? एकदम गंभीर! जमलं बघा त्यांना.

मामाने मजुरी घेतली नाही, मला मात्र हमाल केलं. वाळू आण, विटा आण, घमेलं उचल. उतार झाला, तर म्हणतो, "आता पाणी मार सकाळ-संध्याकाळ. पक्कं झाल्याशिवाय चाक टेकवायचं नाही." मी रोज पाणी मारतोय आणि आतून रोज हाक, "झालं का रे पक्कं?"

"नाही, आजोबा."

"बरं. मग थांबतो."

तुम्हाला सांगतो, तेव्हा मात्र हसू नाही आलं. पाणी पटापट मारून उपयोग नसतो हेही मला तेव्हाच कळलं.

आणि थांबले हो म्हातारबुवा! ज्या दिवशी खाट बाहेर काढली, सगळे जमलेले, सिस्टर, मामा, मावशी, आणि हेडसर फोटोला. मला कानात, "निदान आज तरी चेहरा गंभीर ठेव." नाही ठेवला! मी आणि आजोबा, दोघांनीही नाही ठेवला. आजोबा डोळे मिटून बसले उन्हात, हात असे उताणे ठेवून…

मग एक डोळा उघडला. "बास. पाठ भाजली. आत घे."

आत घे! म्हटलं घेतो, लावला जोर… खाट हलेना! आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. अहो, इतकी डोकी, इतकं सिमेंट, पण कुणाच्या म्हणून लक्षात आलं नाही, बाहेर येताना जो उतार असतो ना, आत जाताना तोच चढ असतो! दारात बाकीच्या खाटा नंबर लावून उभ्या आहेत, आणि ढकलायला कोण? …येतो हां मी, हाका मारतायत.