लाथ न येणारा म्हातारा

पोट्टे मोबाइलवर मारामारीचे गेम खेळताना दिसले का मले आमचा सुकरू आठवते. तेव्हा धानोऱ्यात गेमची एकच मशीन होती, चहाच्या टपरीत. सुकरू खेळाले नेहमी गेममधला काठीवाला म्हातारा घ्याचा. सगळ्यात कमजोर गडी तो, त्याले लाथच मारता येत नव्हती.

चंद्रपूरले याच गेमची टूर्नामेंट होती, तिथंही त्यानं म्हाताराच घेतला. लोक हसून राह्यले होते. पण म्हाताऱ्यासंग लढाची कोणाले सवयच नव्हती. सुकरू एकेकाले काठीनं झोडपत फायनल जिंकला.

हरलेल्या पोट्ट्यानं विचारलं, "एवढे पहिलवान सोडून म्हातारा काऊन घेतला बे?"

सुकरू म्हणे, "आमच्या मशीनीचं लाथेचं बटन मोडलं हाये भाऊ. म्हाताऱ्याले लाथ येतच नाई, तं त्याचं काय अडते?"

गावी आलो तं टपरीवाला लय खूश. सुकरूच्या मानासाठी त्यानं नवं बटन बसवलं. म्हाताऱ्याची काठी साऱ्या गावाले पाठ होती, कमी होती फक्त लाथेची. आता बाकी पोट्ट्यायचे पहिलवान लाथाही माराले लागले.

आठवडाभर मशीनीवर त्यायच्या लाथा खाऊन सुकरू टपरीवाल्याले म्हणे, "भाऊ, ते जुनं बटन फेकलं तं नाई ना?"